वारणाकाठचा संगणक

कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची हद्द आखत वाहणाऱ्या वारणा नदीच्या दोन्ही काठांवर ऊस उभा आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती दूध संघ, शिक्षणसंस्था, बाजार असा मोठा पसारा वाढला. याच खोऱ्यातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प १९९८ मध्ये हाती घेण्यात आला. त्याचा खर्च केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या संस्थांनी मिळून उचलला.

पीकसल्ला, बाजारभाव, सरकारी योजना, जमिनीचे उतारे, सगळे काही मराठीतून आणि गावातल्याच संगणक केंद्रावर मिळावे, अशी योजना होती. शेतकरी केंद्रावर आला तो मुख्यतः उसासाठी, आणि त्यात नवल काहीच नाही. लावणीची नोंद कारखान्याकडे कोणत्या तारखेला झाली यावर तोडणीचा क्रम ठरतो. तो लांबला तर उसाला तुरे येतात आणि वजन घटते. आपली नोंद लागली का, तोडणीचा परवाना कधी निघणार, काट्यावर वजन किती भरले, उधारीवर उचललेल्या खताची बाकी किती, हे विचारायला पूर्वी कारखान्याच्या ऑफिसात खेटे घालावे लागत. आता ते गावातल्या केंद्रावर कळू लागले.

संगणक हाताळत होता तो केंद्रचालक. शेतकरी समोर उभा राहून विचारत असे. त्यामुळे संगणक साक्षरतेच्या मापाने हा प्रयोग तोकडा ठरतो. पण उसाचा हिशेब कारखान्याचा स्वतःचा होता, रोज अद्ययावत ठेवणे त्यालाही भागच होते, म्हणून ती माहिती ताजी राहिली. बाजारभाव किंवा उतारे यांचे तसे नव्हते.

पुढे संगणक जुने झाले, त्यांची देखभाल महाग पडू लागली. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधकांनी सात गावांत आठ महिने वेगळी चाचणी घेतली. तीच माहिती मोबाइलच्या लघुसंदेशावर देण्यात आली, आणि ही व्यवस्था स्वस्त तर पडलीच, शिवाय शेतकऱ्यांनाही अधिक पसंत पडली. जमिनीच्या उताऱ्याला मात्र महसूल खात्याने सातबारा ऑनलाइन करेपर्यंत थांबावे लागले.