एकोणिसाव्या वॉर्डातला कचरा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'अमेरिकन शहरांचं राजकारण'. मी मात्र तुम्हाला शिकागोच्या एकोणिसाव्या वॉर्डात नेणार आहे, तेही कचऱ्याच्या पेट्यांपाशी. शहराचं राजकारण कळायला महापौराची खुर्ची बघून भागत नाही. गल्लीतला कचरा कोण उचलतो ते आधी बघावं, हे माझं ठाम मत आहे.

१८३७ मध्ये शिकागोला शहराचा दर्जा मिळाला तेव्हा वस्ती जेमतेम ४ हजारांची. १८९० मध्ये ती १० लाखांवर गेली, आणि मधे १८७१ ची ती भयानक आगही होऊन गेली! आयरिश, इटालियन, रशियातून आलेले ज्यू असे लोंढेच्या लोंढे येत होते. त्या गर्दीत, हॉलस्टेड स्ट्रीटवर, १८८९ मध्ये जेन अ‍ॅडम्स आणि एलन स्टार या दोघींनी हल हाउस उघडलं, म्हणजे गरीब वस्तीतच राहून शेजाऱ्यांच्या मदतीला धावणारं केंद्र.

रस्त्याच्या कडेला मोठमोठ्या लाकडी कचरापेट्या ठोकलेल्या. रांगती पोरं चढायला शिकायची ती या पेट्यांवर. मोठ्या पोरांच्या मारामारीत पेटी म्हणजे तटबंदी आणि आतला माल म्हणजे दारूगोळा! हसू नका, त्याच गल्ल्यांत तान्ही मुलं दगावत होती. हल हाउसच्या बायकांनी गल्लीबोळ पालथे घालून दोन महिन्यांत १,०३७ तक्रारी नोंदवल्या. तरी ढिम्म. मग अ‍ॅडम्सबाईंनी कचरा उचलायच्या कंत्राटासाठी स्वतःच निविदा भरली. ती तांत्रिक कारणावरून बाद झाली, पण इतका बोभाटा झाला की १८९५ मध्ये महापौरांनी त्यांनाच वॉर्डाचं कचरा निरीक्षक नेमलं. पगार वर्षाला १,००० डॉलर. पहाटे उठायचं आणि गाड्यांच्या मागे मागे डेपोपर्यंत जायचं. एका अरुंद रस्त्यात घाण उपसता उपसता १८ इंच खाली चक्क फरसबंदी लागली.

एवढं केल्यावर वॉर्ड बाईंच्या मागे उभा राहील असं वाटतं ना? नाही राहिला. तिथला नगरसेवक जॉनी पॉवर्स, पक्का लाचखाऊ. हल हाउसने त्याला पाडायचा जंग जंग प्रयत्न केला, १८९८ मध्येही केला. पॉवर्स आरामात निवडून आला.

का, ते बाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय. हल हाउसच्या पाळणाघरात कुणीतरी टाकून दिलेलं एक मूल वारलं. सरकारी खर्चाने पुरायचं ठरलं, अकराला गाडी येणार होती. नऊच्या सुमारास शेजारणी संतापून दारात आल्या. बेवारशासारखं पुरता? त्यांनी आपल्या फाटक्या पदरातून वर्गणी काढली. गरिबाला मयताची अब्रू किती मोलाची, हे पॉवर्सला सांगावं लागत नव्हतं. तो गरिबाच्या मयताचा खर्च करायचा, पोराला नोकरीला चिकटवून द्यायचा, नाताळात टनावारी टर्की वाटायचा. माझ्या मते बाईंचा खरा मोठेपणा हा, की हरल्यावर त्यांनी मतदारांना मूर्ख ठरवलं नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. मूळ मुद्दा आत्ता कुठे येतोय, भराभर सांगतो.

विसाव्या शतकात निर्णय वॉर्डातून उठून नकाशांवर गेले. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज यंत्रणेने मोहल्ल्यांना रंग दिले. काळ्यांची वस्ती बहुधा लाल, म्हणजे तिथे कर्ज धोक्याचं. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्राने उचलला, आणि गावोगावी रस्ते गरिबांच्या घरांवरून गेले. पॉवर्स भ्रष्ट होता, पण त्याचं दार ठोठावता येत होतं. नकाशाचं दार कुठे ठोठावणार?

हल हाउसचा मोहल्लाही त्यातून सुटला नाही. महापौर रिचर्ड डेली यांनी तिथे विद्यापीठ आणायचं ठरवलं. फ्लॉरेन्स स्काला या शिंप्याच्या लेकीने बायकांना घेऊन महापौरांच्या कचेरीत ठिय्या दिला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. ती हरली. हल हाउसच्या तेरा इमारतींपैकी दोनच वाचल्या, आणि १९६५ मध्ये तिथे विद्यापीठाचे वर्ग भरू लागले. स्काला मात्र त्याच मोहल्ल्यातला आपला टेलर स्ट्रीट सोडून गेली नाही.

प्रश्न असतील तर विचारा, मी थांबतो.