व्हिडिओ कुठे थांबवायचा

नमस्कार मंडळी. आत्ता स्क्रीनवर जो व्हिडिओ बघितलात तो फक्त 50 सेकंदांचा आहे, माझी आई बार्शीच्या घरी भाकरी करतेय आणि भाचीने तो फोनवर काढलाय. वेबसाइटवर वाचणाऱ्यांसाठी सांगते, त्यात आईचा चेहरा नाही, नुसती परात, हात आणि तवा आहे, आणि थापताना बांगड्यांचा आवाज येतो तेवढाच आवाज.

मी इथे न्यू जर्सीत मिडल स्कूलला सायन्स शिकवते, 14 वर्षं झाली, आणि रविवारी आपल्या मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. तर हा व्हिडिओ मी त्या वर्गात लावला, पहिल्यांदा आवाज बंद करून, आणि मुलांना एवढंच विचारलं की हात काय काय करतायत ते सांगा. सगळ्यांकडून एकच उत्तर, "आजी भाकरी बनवते". आपल्या मुलांचं हे असंच आहे बघा, चहा बनवतात, घर बनवतात, गणपती बनवतात, एका क्रियापदावर सगळा संसार. मग पुन्हा लावला, जिथे हाताची हालचाल बदलते तिथे थांबवत गेले, आणि तिसऱ्या वेळेला फळ्यावर आलं: मळते, गोळा करते, पीठ भुरभुरते, थापते, उचलते, तव्यावर टाकते, पाणी फिरवते, उलटते, शेकते, फुगते. दहा! त्यातलं एकही मी सांगितलं नव्हतं असं नाही म्हणणार, "भुरभुरते" मी दिलं, "शेकते" एकीला तिच्या आजीमुळे माहीत होतं. पण मग सातवीतला एक मुलगा म्हणाला, ताई, शेवटचं चुकलंय, आजी फुगत नाही, भाकरी फुगते, आजी फुगवते. फुगणे आणि फुगवणे यातला फरक मी दोन वर्षं तक्ते करून शिकवत होते हो, आणि तो त्याला त्या तव्यावर दिसला.

पुढच्या रविवारी तोच व्हिडिओ, पण सायन्स. भाकरी उलटल्यावर पापुद्रा सुटायच्या अगदी आधी थांबवला आणि विचारलं, आता काय होईल आणि का? कुणी म्हणालं यीस्ट, कुणी बेकिंग सोडा, एक म्हणाली गॅसची शेगडी आहे म्हणून आत गॅस जातो. सगळे अंदाज फळ्यावर लिहिले, एकालाही चूक म्हटलं नाही, आणि मगच पुढे सोडला. मग पिठातल्या पाण्याची वाफ, वरचा थर शिजून घट्ट झाला की वाफेला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ती पापुद्रा उचलते, हे मुलांनी आपसात भांडून काढलं. त्यावरून पुढचा प्रश्न आला की पोळी लाटतात तर भाकरी थापतात का? तर ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला ताण देणारं प्रथिन, नसतं, पीठ ताणलं जात नाही, म्हणून गरम पाण्यात भिजवायचं, त्याने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि हाताने थापता येतं. आणि मग ज्वारीच का, तर नकाशा काढला, सोलापूरकडचा कमी पाऊस, ओल धरून ठेवणारी काळी माती, रब्बीची ज्वारी, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. गणितासाठी चित्र थांबवून फळ्यावरच पट्टी लावली, चारही दिशांनी व्यास मोजला, जवळजवळ सारखा आला, आणि मुलांना खरंच वाटेना की कंपास न घेता नुसत्या हाताने एवढा गोल येतो. भाषा, विज्ञान, भूगोल, गणित, 50 सेकंदांत.

आता मी हे पहिल्यापासून असं करत होते का, तर अजिबात नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी ज्वालामुखींवर 25 मिनिटांची फिल्म लावली होती, दिवे बंद, पडदे ओढलेले, चित्रीकरण फार सुंदर. संपल्यावर विचारलं समजलं का, सगळ्या वर्गाने हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाच साधे प्रश्न दिले तर बहुतेकांचे कागद कोरे. मला फार वाईट वाटलं, कारण मुलं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरोखरच समजल्यासारखं वाटलं होतं. पुढे डेरेक म्युलरचं संशोधन वाचलं, सिडनी विद्यापीठात त्याने फिजिक्सच्या व्हिडिओंवर पीएचडी केली, आणि त्यात हेच निघालं की नीट, सोप्या भाषेत समजावणारा व्हिडिओ बघून मुलांचा आत्मविश्वास वाढतो पण मार्क फारसे वाढत नाहीत, आणि ज्यात आधी त्यांच्या डोक्यातली चुकीची समजूत बोलून दाखवलीय तो व्हिडिओ त्यांना गोंधळाचा वाटतो, पण शिकतात त्यातूनच. लांबीचं म्हणाल तर 2014 मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या वेबसाइटवरच्या कोर्सेसचा अभ्यास झाला, 69 लाख वेळा बघितल्याच्या नोंदी तपासल्या, व्हिडिओ कितीही मोठा असो, साधारण विद्यार्थी फार तर 6 मिनिटं टिकतो. आणि ती स्वतःहून नाव घातलेली माणसं होती, आपल्यासमोर तर 12 वर्षांची मुलं असतात.

चंद्रावरचा हातोडा तुमच्यापैकी अनेकांनी बघितला असेल. ऑगस्ट 1971, अपोलो 15, अंतराळवीर डेव्हिड स्कॉट एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरून दोन्ही एकदम सोडतो. एक मिनिटाचीसुद्धा क्लिप नाही ती. त्याने हात उघडायच्या आधी मी क्लिप थांबवते आणि आधी काय पडेल यावर मतं घेते, आणि दरवर्षी अर्ध्याहून जास्त वर्ग हातोड्याच्या बाजूने हात वर करतो. मग ती दहा मिनिटांची खडाजंगी, हवा नाही म्हणजे काय, मग गुरुत्व आहे का, मग ते तरंगत का नाहीत. तेवढं झाल्यावर प्ले दाबलं की दोन्ही एकदम खाली टेकतात, आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल. दुसऱ्यांदा लावताना फोनच्या घड्याळावर वेळ मोजायची, सव्वा ते दीड सेकंद येतो, आणि इथे खडू तेवढ्याच उंचीवरून टाकला तर अर्ध्या सेकंदाच्या आसपास. चंद्राचं गुरुत्व आपल्या सहाव्या हिश्शाएवढं, हे मग पुस्तकातलं वाक्य राहत नाही.

आपल्यातल्या ज्यांचं लहानपण ऐंशी-नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात गेलं त्यांना बालचित्रवाणी आठवत असेल, शाळेतल्या मुलांसाठीचे कार्यक्रम, दूरदर्शनवर लागायचे. माझ्या शाळेत एकच टीव्ही होता, मुख्याध्यापकांच्या खोलीतून उचलून वर्गात आणायचे आणि आम्ही मांडी घालून बसायचो. कार्यक्रम चांगले होते, मला आजही आवडतात, पण बाईंना तो मध्ये थांबवता येत नव्हता, वीज गेली तर गेला, कुणाला प्रश्न पडला तर तो कार्यक्रम संपेपर्यंत विसरला जायचा. आज ते बटण आपल्या हातात आहे आणि आपण ते वापरत नाही, हे मला खुपतं. पालक वर्गात मदतीला येतात, व्हिडिओ लावतात आणि स्वतः मागे जाऊन फोन बघतात. कृपा करून असं करू नका.

आणि मराठीत काही नाही असं म्हणू नका. पुण्याचे अरविंद गुप्ता, त्यांचे टाकाऊतून खेळण्यांचे एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ मराठीतही आहेत, आम्ही स्ट्रॉची पिपाणी बघितली आणि मग 40 मिनिटं हॉलमध्ये नुसता कल्ला, स्ट्रॉ कापत जाल तसा आवाज बारीक होत जातो हे प्रत्येकाने स्वतःच्या कानाने ऐकलं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून व्हिडिओ आणि कविता मुलांच्या हातात दिल्या, 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. त्यांचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, माझ्या बार्शीच्याच जिल्ह्यातलं, म्हणून मला जरा जास्तच अभिमान.

तर माझी मागणी आहे. डिसेंबरात बरेच जण भारतात जाताय. आईवडिलांचे, आजीआजोबांचे, शेजाऱ्यांचे एकेक मिनिटाचे व्हिडिओ काढून आणा. फोन आडवा धरा. चेहरा नको, हात दिसू देत, मागे गाणं तर मुळीच लावू नका, खलबत्त्याचा आवाज आला पाहिजे. वाती वळताना, मोदकाला कळ्या पाडताना, सुपात पाखडताना, माठ घडवताना, काहीही. आणि कुणी पंक्चरवाल्याकडे जाणार असाल तर तो मला आधी हवाय, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबतात ना, बुडबुडे यायच्या आधी मी तिथेच थांबवणार आहे.