वजनाचा रकाना

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'रुग्णाची पोषणस्थिती आणि आहारातल्या उणिवांची लक्षणं'. लक्षणांकडे मी येणार आहे, फोटोही आणलेत. पण त्याआधी मला केसपेपरवरच्या एका रकान्याबद्दल बोलायचंय. मला ओळखणारे पुढच्या रांगेत आत्ताच हसायला लागलेत.

नाडी लिहिलेली असते, रक्तदाब लिहिलेला असतो, आणि वजनापुढे आडवी रेघ. राउंडला मी विचारतो, "वजन?" उत्तर येतं, "सर, पेशंट झोपून आहे." जणू झोपलेल्या माणसाला वजनच नसतं! नाहीतर काटा शेजारच्या वॉर्डात गेलेला असतो. तो परत आलेला मी तरी कधी पाहिला नाही. एका रुग्णालयात मात्र रकाना भरलेला दिसला आणि मी हरखलो. साठ किलो. पुढचा केसपेपर उघडला, साठ किलो. त्याच्या पुढचाही साठ. अख्खा वॉर्ड साठ किलोंचा! औषधाचा डोस काढायला काहीतरी आकडा लागतो ना, म्हणून टाकलेला. (हशा) हसा, पण आपापल्या वॉर्डात जाऊन एकदा बघून या.

हे दुखणं जुनं आहे. 1974 साली चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकन डॉक्टरांनी रुग्णालयात होणाऱ्या कुपोषणावर लेख लिहिला, तेव्हा उंची-वजन न नोंदवण्याची तक्रार त्यांच्या यादीत होतीच.

बरं, नुसत्या आजच्या वजनावरूनही फारसं कळत नाही. कळतं ते फरकावरून. समजा, 170 सेंटीमीटर उंचीचा, 90 किलोंचा माणूस सहा महिन्यांत 78 वर आला. बीएमआय 27. अजून 'जास्त वजन'च! त्यामुळे सगळे त्याला म्हणतात, "वा, छान बारीक झालात." अहो, त्याने काही मनावर घेऊन वजन उतरवलेलं नाही. नेहमीच्या वजनाच्या तेरा टक्के आपोआप गेलेत. तीन ते सहा महिन्यांत न ठरवता पाच ते दहा टक्के गेले तर लक्ष ठेवायचं, दहाच्या वर गेले तर धोका मोठा. पूर्वीचं वजन आठवत नाही म्हणतात? मग पट्टा बघा. जुन्या भोकापाशी चामड्यावर बक्कलाचा वळ असतो आणि आज बक्कल त्याच्या दोन भोकं आत लागलेलं असतं. अंगठी फिरते का, कवळी सैल झाली का, तेही विचारा. आणि पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काट्यावर विसंबू नका, पाणीही वजन देतं.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "सर, एवढं कशाला? अल्ब्युमिन 2.1 आलंय, म्हणजे कुपोषण." नाही! अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन. जंतुसंसर्ग झाला, शस्त्रक्रिया झाली, की यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं आणि असलेलं रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. तो आकडा आजार किती जोरात आहे ते सांगतो, पोटात किती गेलं ते नव्हे. उलट अॅनोरेक्झिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं सोडायचा मानसिक आजार, झालेल्या हाडकुळ्या मुलीचं अल्ब्युमिन बहुधा नॉर्मल येतं. कुपोषण ओळखायच्या 2019 च्या जागतिक 'ग्लिम' निकषांत अल्ब्युमिन नाहीच. तिथे एका बाजूला घटलेलं वजन, कमी बीएमआय किंवा झिजलेले स्नायू, दुसऱ्या बाजूला कमी झालेलं खाणं किंवा दाहकारक आजार. दोन्हीकडचं एकेक हवं. आणि स्नायू बघायला मशीन लागत नाही. अंगठा तर्जनीवर दाबायला सांगा, मधला फुगवटा उठतो का बघा. मग कानशिलं आणि खांदे.

संयोजकांची चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. फोटो राहू द्या, भरभर सांगतो.

जीभ गुळगुळीत असेल तर लोह आणि फोलेट, बी12 ही जीवनसत्त्वं, तिन्ही आठवा. बी12 चा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून उणीव दिसली की जठराची शस्त्रक्रिया, वर्षानुवर्षं चाललेलं मधुमेहाचं औषध मेटफॉर्मिन, हेही विचारा. पायाला मुंग्या असतील तर रक्त ठीक आहे म्हणून सोडू नका. बी12 कमी असताना नुसतं फोलेट दिलंत तर अॅनिमिया सुधारेल आणि मज्जातंतू बिघडत राहतील. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन संसर्गात वाढतं, तेव्हा नॉर्मल दिसलं म्हणून लोह पुरेसं आहे असं नाही. सी जीवनसत्त्वासाठी केसांच्या मुळांभोवती रक्ताचे ठिपके आणि वेटोळे झालेले केस शोधा. हिरड्या सुजतात, पण दात असतील तरच. बोळक्या तोंडाच्या आजोबांच्या हिरड्या तुम्हाला फसवतील. ए साठी रातांधळेपणा विचारा आणि बुबुळाच्या बाजूला फेसाळ पांढरे बिटॉट डाग बघा. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवरच, विशेषतः गळ्याभोवती, चट्टे असले आणि जुलाब असले तर नायसिनची, म्हणजे बी3 जीवनसत्त्वाची, उणीव.

थायमिन, म्हणजे बी1 जीवनसत्त्व, मात्र नीट ऐका. साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. सतत उलट्या होणारी गरोदर बाई, दारू पिणारा, वजन घटवायची शस्त्रक्रिया झालेला, यांच्यात गोंधळलेपणा, तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं यांतलं एक दिसलं तरी पुरे. तिन्हींची वाट बघू नका. ग्लुकोजचं सलाईन लावताना आधी किंवा सोबत थायमिन गेलंच पाहिजे. आणि बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खायला घालू नका. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम धाडकन खाली येतात आणि हृदय बंद पडू शकतं. थोड्यापासून सुरुवात करा आणि सुरुवातीचे दिवस हे तिन्ही रोज तपासा. तुमच्या लॅबमध्ये फॉस्फेट रात्री आणि सुट्टीच्या दिवशी होतं का, तेवढं आज जाता जाता विचारून ठेवा.