मागून येणारी चारचाकी

(नागपुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, मे-जूनमध्ये कधी वर्धा रोडवरच्या हॉटेलांच्या पार्किंगमध्ये डोकावून बघा. कर्नाटक, तामिळनाडू, तेलंगणा पासिंगच्या मोटरसायकली ओळीनं उभ्या असतात. दोन्ही बाजूंना पेट्रोलचे कॅन, मागे ताडपत्रीत गुंडाळलेलं सामान, हेडलाइटवर वाळलेले किडे. सगळी लडाखला निघालेली मंडळी. ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग श्रीनगरहून निघतो, कन्याकुमारीला संपतो आणि मधे आपल्या गावातून जातो, त्यामुळे दक्षिणेकडून निघालेल्याला नागपूर चुकत नाही. पंचेचाळीस डिग्रीत जाड जॅकेट घालून येतात, रात्री हौसेनं सावजी खातात आणि दुसऱ्या दिवशी सिवनीपर्यंत पस्तावत जातात.

हे खूळ डोक्यात कुठून शिरलं, असं विचारलं की त्यातला चाळिशीचा एखादा हमखास दोन नावं घेतो. युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूर्मन. दोघं ब्रिटिश नट, एकमेकांचे दोस्त. २००४ च्या एप्रिलमध्ये लंडनहून निघाले. युरोप, युक्रेन, रशिया, कझाकस्तान, मंगोलिया, सैबेरिया असं करत मगादानला पोचले, तिथून विमानानं अलास्का, मग पुन्हा गाडीवर थेट न्यूयॉर्क. जुलैअखेर पोचले. तीस हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास झाला. त्यावरचा कार्यक्रम म्हणजे ‘लाँग वे राउंड’. पुढे २००७ मध्ये स्कॉटलंडच्या टोकापासून केपटाऊनपर्यंत ‘लाँग वे डाऊन’, २०२० मध्ये ‘लाँग वे अप’ आणि २०२५ मध्ये ‘लाँग वे होम’ आला.

मी पोटासाठी व्हिडिओ एडिटिंग करतो आणि सुट्टी मिळाली की गाडी काढतो. त्यामुळे हे कार्यक्रम बघताना माझे एकाच वेळी दोन जीव असतात. रायडर म्हणून एक गोष्ट खटकते आणि एडिटर म्हणून तीच पटते.

(इथे मागच्या रांगेतून एक तरुण म्हणाला, “सर, पण ते तर मागे दोन-दोन चारचाक्या घेऊन फिरून राहिले होते. त्यात काय एवढं?”)

बरं झालं बोललास. गाडी चालवणाऱ्यांच्या कोणत्याही कट्ट्यावर या कार्यक्रमाचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला हेच वाक्य येतं. यांच्या मागे सपोर्ट गाडी होती, डॉक्टर होता, व्हिसा काढून द्यायला ऑफिस होतं, कंपनीनं गाड्या दिल्या होत्या. आम्ही पगारातून पैसे साठवून, साहेबाच्या हातापाया पडून पंधरा दिवसांची सुट्टी काढतो, आणि क्लचची केबल तुटली की सांगायला कुणी नसतं. तक्रार खरी आहे. पण मला विचाराल तर ती चुकीच्या पत्त्यावर जाते.

एक तर त्यांनी ती चारचाकी लपवली नाही. लंडनमधल्या तयारीचे भाग बघा. केटीएम कंपनीनं गाड्या द्यायला नकार दिला, तो नकार पचवताना या दोघांचे पडलेले चेहरे कार्यक्रमात जसेच्या तसे आहेत. मग बीएमडब्ल्यूनं गाड्या दिल्या. तो नकार एडिटरला सहज कापता आला असता. आणि सपोर्टच्या गाड्या कायम शेपटाला बांधलेल्या नव्हत्या. बराच काळ त्या वेगळ्या रस्त्यानं जायच्या, सीमेवर नाहीतर गावात भेटायच्या. मधल्या वाटेवर तीनच मोटरसायकली असत.

हो, तीन. तिसरी कुणाची, हे बऱ्याच जणांना आठवत नाही. क्लाउडिओ फॉन प्लांटा नावाचा स्विस कॅमेरामन होता. दोघं चिखलात पडले की आपण म्हणतो, अरेरे, बिचारे. पण ते पडताना दिसतात म्हणजे हा गडी त्याच चिखलातून आधी पुढे गेला, गाडी स्टँडवर लावली, कॅमेरा काढला आणि वाट बघत उभा राहिला. तो पडला तर ते टिपायला बहुतेक वेळा कुणीच नाही. माझ्या लेखी त्या कार्यक्रमातला खरा रायडर तोच.

एकट्यानं फिरून व्हिडिओ करणाऱ्यांचं तर याहून अवघड. स्क्रीनवर रायडर लांब सरळ रस्त्यावर दूर जात जात ठिपका होतो. सुंदर दिसतं. पण कॅमेरा मागेच ट्रायपॉडवर उभा आहे ना! तो ठिपका दोन किलोमीटर पुढे जाऊन वळतो, परत येतो, कॅमेरा उचलतो, बॅगेत भरतो, हातमोजे चढवतो आणि तोच रस्ता तिसऱ्यांदा कापतो. दहा सेकंदांच्या शॉटला अर्धा तास जातो. अशा वेळी मधेच कुत्रं नाहीतर ट्रक आडवा आला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कुणी विचारलं, ‘हे खरं की नाटक?’ तर मी म्हणतो, रस्ता खरा, घाम खरा, फक्त तिथून जाणं एकदाच झालं नाही.

आता मंगोलिया. हे भाग मी कितीही वेळा बघू शकतो. बीएमडब्ल्यूची ती आर ११५० जीएस ॲडव्हेंचर तीस लिटर टाकीची गाडी, पेट्रोल भरलं की अडीचशे किलोच्या वर, त्यावर धातूच्या पेट्या आणि सामान. आपली स्प्लेंडर सव्वाशे किलोच्याही आतली. मंगोलियात रस्ता म्हणजे गवतातून गेलेल्या चाकोऱ्या आणि दलदल. गाडी पडायची, तिघं मिळून उचलायचे, पन्नास पावलांवर पुन्हा पडायची. चेहऱ्यावर हसू उरलेलं नाही, मागे फिरून रशियातल्या डांबरी रस्त्याला लागावं का, असं उघड बोलतायत. मग एका गाडीची फ्रेमच मोडली. स्थानिक माणसांनी वेल्डिंग करून जोडून दिली, तर एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, गेली. शेवटी ती गाडी ट्रकवर चढवून उलानबाटरला रवाना केली आणि क्लाउडिओसाठी तिथेच एक लालभडक रशियन इझ प्लॅनेटा विकत घेतली. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, साडेतीनशे सीसीच्या घरातलं इंजिन. तुमच्यापैकी ज्यांनी राजदूत नाहीतर येझदी पाळली आहे त्यांना ती बघताक्षणी ओळखीची वाटेल. तिला किक मारायची, ती बंद पडायची, रस्त्यात भेटलेला कुणीतरी कार्बोरेटर उघडून फुंकर मारायचा आणि ती पुन्हा चालू व्हायची.

मला या कार्यक्रमाचं मोल इथे दिसतं. ज्या क्षणी महागडी योजना फसते आणि रस्त्यावरचा अनोळखी माणूस पाना घेऊन खाली बसतो, तो क्षण त्यांनी कापला नाही. पुढे सैबेरियात कोलिमा महामार्ग आहे, याकुत्स्ककडून मगादानला जाणारा सुमारे दोन हजार किलोमीटरचा. स्टालिनच्या काळात छावण्यांतल्या कैद्यांकडून बांधून घेतलेला, म्हणून त्याला हाडांचा रस्ता म्हणतात. तिथे पूल वाहून गेलेले, नद्यांना पाणी. मोटरसायकली शेवटी कामाझ ट्रकवर चढवून पार कराव्या लागल्या. कट्ट्यावरचे लोक म्हणतात, ‘बघा, ट्रकवर गेले!’ अरे, पावसाळ्यात पूर आलेल्या नाल्यावर तू काय केलं असतंस? तूही ट्रकच शोधला असतास, आणि घरी आल्यावर ते कुणाला सांगितलं नसतंस.

कापलं काय जातं, तर कंटाळा. साडेतीन महिन्यांचा प्रवास काही तासांत बसवायचा म्हटल्यावर दुसरं काय कापणार? पण गाडी चालवणाऱ्याला विचारा, लांबचा प्रवास म्हणजे मुख्यतः कंटाळाच असतो. देवलापारच्या पुढे खवासापर्यंतचा पेंचचा पट्टा घ्या. वन्यजीवांना खालून जाता यावं म्हणून रस्ता उंच उचललाय, आवाज आणि उजेड अडवायला कडेनं भिंती आहेत. वाघासाठी उत्तम सोय. हेल्मेटवर कॅमेरा लावून तिथून गेलात तर घरी येऊन काय बघाल? करडी भिंत, पांढरी रेघ, करडी भिंत. मी एडिटिंगला बसलो तर पहिली कात्री तिथेच चालवीन. पण गाडीवर असताना त्याच पट्ट्यात माझं डोकं सगळ्यात मोकळं असतं. मान आखडते, मांड्या सुन्न होतात, आणि कितीतरी वर्षांपूर्वीचा एखादा माणूस उगाचच आठवतो. याचा व्हिडिओ कसा काढणार?

रायडर या कार्यक्रमांवर जीव टाकतात आणि चिडतातही, त्याचं मूळ मला या कापलेल्या कंटाळ्यात दिसतं. आपल्याला जे ठाऊक आहे ते त्यात नसतं. आणि शेजाऱ्याला मात्र तेवढंच दिसलेलं असतं. त्यामुळे लडाखहून परतल्यावर तो विचारतो, ‘मजा आली असेल ना?’ त्याला काय सांगायचं, कळत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा एक पंथ आहे. अमेरिकेतल्या ‘आयर्न बट असोसिएशन’चा ‘सॅडलसोर’ नावाचा प्रकार. चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सोळाशे नऊ किलोमीटर. पुरावा काय, तर पेट्रोलच्या पावत्या. तारीख, वेळ आणि ठिकाण छापलेल्या. आपल्याकडेही ते वेड चांगलंच रुजलंय, आणि ४४ नंबर त्यासाठी सोयीचा. पहाटे तीनला पंपावरच्या झोपाळू पोराला ‘भाऊ, पावती दे ना, टाइम नीट आला पाहिजे’ असं विनवणारा रायडर मी पाहिलाय. ती पावती थर्मल कागदाची. आपल्या उन्हात टँक बॅगेच्या प्लॅस्टिकखाली ठेवली तर संध्याकाळपर्यंत काळी पडते. म्हणून जाणकार लगेच तिचा मोबाईलवर फोटो काढतात. म्हणजे कॅमेऱ्यापासून सुटका तिथेही नाहीच.

आपल्याकडे टीव्हीवर मोटरसायकल प्रवास आणला तो २००३ साली एमटीव्हीच्या ‘रोडीज’नं. हिरो होंडाचं नाव पुढे लावून. सुरुवातीला त्यात थोडा रस्ता तरी होता. नंतर भांडणं, मतदान आणि शिव्या उरल्या. त्यावर अधिक बोलण्यात अर्थ नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ‘लाँग वे राउंड’नंतर लांबच्या प्रवासाला म्हणजे मोठी, उंच, जड गाडीच लागते असा समज जगभर पसरला. आपल्याकडेही वीस-वीस लाखांच्या गाड्यांवर माणसं सकाळी रामटेकला जाऊन तर्री-पोहे खाऊन येतात. जाऊ द्या, त्यांचे पैसे. वाईट त्या पोराचं वाटतं, जो दारात दीडशे सीसीची धडधाकट गाडी असून कर्ज काढायच्या गोष्टी करतो. त्यानं इझ प्लॅनेटाचे भाग पुन्हा बघावेत. नाहीतर यूट्यूबवरचं ‘इची बूट्स’ हे चॅनेल बघावं. नोराली नावाची डच बाई, पेशानं भूगर्भशास्त्रज्ञ. २०१८ मध्ये भारतात रॉयल एनफिल्डची हिमालयन घेतली, तिचं नाव ठेवलं बसंती, आणि एकटीनं नेदरलँड्सपर्यंत गेली. कॅमेराही तिचाच, पंक्चरही तिचंच. मागे चारचाकी नाही.

(“सर, ‘लाँग वे अप’मध्ये तर बसनं गेले!”)

गेले ना. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, उशुआयाहून लॉस एंजेलिसपर्यंत इलेक्ट्रिक हार्ले-डेव्हिडसन घेऊन निघाले होते. पॅटागोनियाच्या थंडीत बॅटरी भराभर उतरायची, कुणाच्या हॉटेलात, कुणाच्या घरात प्लग शोधत बसायचे. वाटेवर चार्जर बसवून घेतले होते ते वेगळंच. आणि मेक्सिकोत सुरक्षेच्या कारणानं जुनी शाळेची बस घेऊन तीत गाड्या चढवल्या. चारही कार्यक्रमांत मिळून त्यांचा सगळ्यात कमजोर प्रवास तोच, हे मी मान्य करतो. प्रवासापेक्षा तिथे प्लगचीच काळजी जास्त.

पण त्यातच मी बूर्मनकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. २०१६ मध्ये पोर्तुगालमधल्या अपघातात त्याचे दोन्ही पाय मोडले होते. त्यातून उठला, तर २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पुन्हा मोठा अपघात. इतकं होऊनही पन्नाशी ओलांडलेला माणूस पुन्हा गाडीवर बसला. कट्ट्यावर त्याला ‘श्रीमंत बापाचा हौशी पोरगा’ म्हणणारे माझे मित्र यानंतर गप्प झाले. त्यांच्यापैकी दोघांच्या पायात रॉड आहेत. पावसाळी हवेत सकाळी स्टँडवरून गाडी काढताना काय होतं, ते त्यांना मी सांगायला नको.

‘लाँग वे होम’ला मॅकग्रेगरनं १९७४ ची मोटो गुझी घेतली आणि बूर्मननं १९७३ ची बीएमडब्ल्यू. स्कॉटलंडहून निघून स्कँडिनेव्हिया, पूर्व युरोप असा फेरा मारून इंग्लंडला परत. जुन्या गाड्या, त्यामुळे सुटे भाग शोधणं आलं, रस्त्याकडेला पाना काढून बसणं आलं. आपल्याकडे ज्यांच्या घरी वडिलांची येझदी अजून चालू आहे, त्यांनी हा भाग जरूर बघावा. मागे चारचाकी आहेच, त्यावरून चिडून टीव्ही बंद करू नका. गाडी बंद पडली की हे दोघं काय करतात आणि त्यांच्याभोवती कोण कोण गोळा होतं, तेवढं बघा.

प्रश्न असतील तर घेऊ. समृद्धीवर दुचाकीला परवानगी कधी मिळणार, हे सोडून. सातशे एक किलोमीटरचा रस्ता आपल्या शिवमडक्याहून सुरू होतो आणि त्यावर आपल्यालाच प्रवेश नाही, यावर मी बोलायला लागलो तर वाचनालयवाल्यांना दिवे घालवावे लागतील.