१६२ सामन्यांचा हिशेब

१७ मार्च २००५. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीसमोर बेसबॉलचे नामवंत खेळाडू शपथेवर साक्ष देण्यासाठी बसले आहेत. त्यांच्यातले बाल्टिमोर ओरिओल्सचे रफाएल पाल्मेरो समितीच्या दिशेने तर्जनी रोखतात आणि आपण कधीही स्टेरॉइड घेतलेले नाही, असे ठासून सांगतात. त्याच वर्षी जुलैच्या मध्यात त्यांनी कारकिर्दीतला ३,०००वा हिट, म्हणजे चेंडू टोलावून बेस गाठण्याचा यशस्वी फटका, नोंदवला. हा टप्पा गाठणारे ते केवळ २६वे खेळाडू होते. पुढे जेमतेम दोन आठवडे उलटले आणि १ ऑगस्टला त्यांच्या निलंबनाची घोषणा झाली. निलंबन किती काळाचे? तर दहा दिवसांचे.

हा आकडा एवढा छोटा का, हे समजण्यासाठी अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये शिक्षा कोण ठरवते, हे पाहावे लागते. तेथे संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात ठरावीक वर्षांसाठी सामूहिक करार होतो. पगार, सुट्ट्या आणि प्रवासाच्या सोयी यांच्याप्रमाणेच उत्तेजक चाचण्या आणि त्यांवरच्या शिक्षाही वाटाघाटींच्या त्याच टेबलावर येतात. १९९१ मध्ये बेसबॉलचे तत्कालीन प्रशासकीय प्रमुख, म्हणजे कमिशनर, फे व्हिन्सेंट यांनी स्टेरॉइडवर बंदी असल्याचे परिपत्रक काढले होते. परंतु संघटनेच्या संमतीविना चाचणी घेता येत नव्हती, आणि चाचणीच नसल्यामुळे ते परिपत्रक कागदावरच राहिले.

मालकांनाही फारशी घाई नव्हती. १९९४च्या संपामुळे त्या वर्षीची वर्ल्ड सीरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, रद्द झाली होती आणि प्रेक्षक दुरावले होते. १९९८च्या उन्हाळ्यात मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांच्यात होम रनची, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारख्या फटक्यांची, शर्यत लागली तेव्हा ते पुन्हा गर्दी करू लागले. १९६१ पासून टिकून असलेला रॉजर मॅरिस यांचा ६१ होम रनचा विक्रम दोघांनीही मोडला. मॅग्वायर ७० वर थांबले, सोसा ६६ वर. त्याच ऑगस्टमध्ये मॅग्वायर यांच्या लॉकरमध्ये ताकद वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या अँड्रोस्टेनडायोनची बाटली एका पत्रकाराच्या नजरेस पडली. ते तेव्हा अमेरिकेत दुकानात उघड मिळत असे आणि बेसबॉलमध्येही त्यावर बंदी नव्हती. टीका झाली ती मुख्यतः बातमी देणाऱ्या पत्रकारावर.

२००१ मध्ये चाचण्या सुरू झाल्या, पण त्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या खालच्या पायऱ्यांवर. तेथील तरुण, तुटपुंज्या पगाराच्या खेळाडूंची तेव्हा संघटना नव्हती, त्यामुळे त्यांची संमती विचारण्याचा प्रश्नच आला नाही. लक्षाधीश खेळाडूंच्या बाबतीत मात्र २००२च्या करारात एक सावध तडजोड झाली: २००३ मध्ये नावे गुप्त ठेवून सर्वांची चाचणी घ्यायची, आणि पाच टक्क्यांहून अधिक नमुने दोषी निघाले तरच पुढच्या वर्षापासून खऱ्या चाचण्या सुरू करायच्या. प्रमाण पाच ते सात टक्क्यांच्या दरम्यान निघाले. तरीही २००४ मध्ये पहिल्यांदा दोषी आढळणाऱ्याला फक्त उपचारांसाठी पाठवले जाई आणि त्याचे नाव बाहेर येत नसे. दहा दिवसांची शिक्षा आली ती २००५ मध्ये. संसदेतील सुनावणीनंतर दबाव इतका वाढला की त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दोन्ही पक्षांनी नवे आकडे मान्य केले: पहिल्या वेळी ५० सामने, दुसऱ्या वेळी १००, तिसऱ्या वेळी आजीवन बंदी.

या नियमांची खरी कसोटी रायन ब्रॉन यांच्या प्रकरणात लागली. मिलवॉकी ब्रुअर्सचे ब्रॉन २०११ मध्ये नॅशनल लीगचे, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या दोन गटांपैकी एकाचे, सर्वोत्तम खेळाडू ठरले आणि त्याच हंगामाच्या अखेरीस त्यांची चाचणी दोषी आली. त्यांनी लवादाकडे दाद मागितली. लघवीचा नमुना घेणाऱ्या कर्मचाऱ्याने तो त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे रवाना न करता शनिवार-रविवार घरी ठेवला होता. या मुद्द्यावर फेब्रुवारी २०१२ मध्ये लवाद श्याम दास यांनी निलंबन रद्द केले. ब्रॉन यांनी पत्रकार परिषद घेऊन त्या कर्मचाऱ्याविषयीच संशय निर्माण केला. मुख्य स्पर्धा चालवणाऱ्या मेजर लीगने काही महिन्यांत दास यांना पदावरून दूर केले.

पुढच्या वर्षी जानेवारीत मायामीच्या एका साप्ताहिकाने खेळाडूंना उत्तेजके पुरवणाऱ्या बायोजेनेसिस नावाच्या दवाखान्याच्या नोंदवह्या उघड केल्या. त्या नोंदींत ब्रॉन यांचे नाव होते. जुलै २०१३ मध्ये त्यांनी ६५ सामन्यांचे निलंबन निमूटपणे स्वीकारले. ५ ऑगस्टला आणखी १३ जणांवर एकाच दिवशी कारवाई झाली. बारा जणांना प्रत्येकी ५० सामने, तर न्यूयॉर्क यँकीजच्या अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ यांना २११. रॉड्रिगेझ लवादापर्यंत लढले आणि शिक्षा १६२ सामन्यांवर, म्हणजे २०१४च्या अख्ख्या हंगामावर आली. त्यांचा दोन कोटी डॉलरहून अधिक पगार बुडाला.

बाराजणांपैकी जॉनी पेराल्टा यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. ५० सामने संपताच ते डेट्रॉइट संघातून बाद फेरीत खेळले, आणि हंगाम संपल्यावर सेंट लुइस कार्डिनल्सने त्यांच्याशी चार वर्षांसाठी ५ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. यामुळे खुद्द खेळाडूच चिडले. उत्तेजके न घेणाऱ्यांनी काय कमावले, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. मार्च २०१४ मध्ये शिक्षा वाढवण्यासाठी संघटनेनेही मान्यता दिली: पहिल्या वेळी ८० सामने, दुसऱ्या वेळी १६२, आणि त्या वर्षीच्या बाद फेरीत प्रवेश नाही. तिसऱ्या चुकीची आजीवन बंदी सर्वप्रथम ओढवली ती २०१६ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या हेन्री मेहिया यांच्यावर. लीगने दोन वर्षांनी ती उठवली.

पेराल्टा, मेहिया आणि पुढे दोनदा निलंबित झालेले रॉबिन्सन कानो हे तिघेही डॉमिनिकन रिपब्लिकचे. त्या देशात सोळाव्या वर्षी मुलगा अमेरिकी संघाशी करारबद्ध होतो आणि त्या एका सहीने घरादाराचे दैन्य फिटू शकते. चेंडू थोडा अधिक वेगाने फेकता आला, तर सहीची रक्कम बदलते. ८० सामन्यांची भीती या हिशेबात कितपत टिकेल?

त्याच देशातील फर्नांडो टाटीस ज्युनियर यांनी २०२१ मध्ये सॅन डिएगो पाड्रेसशी १४ वर्षांसाठी ३४ कोटी डॉलरचा करार केला. १२ ऑगस्ट २०२२ रोजी क्लोस्टेबॉल हे स्टेरॉइड आढळल्याने त्यांना ८० सामन्यांसाठी निलंबित करण्यात आले. गजकर्णावरच्या औषधातून ते शरीरात गेले, असा त्यांचा खुलासा होता. मुंबईकर पृथ्वी शॉ यांना २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातील टर्ब्युटालिनमुळे आठ महिन्यांची बंदी सोसावी लागली, हे मराठी प्रेक्षकांना आठवत असेल. शरीरात काय जाते याची जबाबदारी खेळाडूचीच, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

आता हिशेब पाहा. २०२२च्या हंगामाचे ४८ सामने शिल्लक होते. टाटीस यांच्याविना पाड्रेस बाद फेरीत १२ सामने खेळले आणि तेही शिक्षेत धरले गेले. उरलेले २० सामने २०२३च्या प्रारंभी संपले. २० एप्रिलला फिनिक्समध्ये टाटीस मैदानात उतरले, ते शॉर्टस्टॉप या आतल्या जागेऐवजी सीमेकडच्या राइट फील्डला. त्याच वर्षी त्या जागेवरच्या क्षेत्ररक्षणासाठी त्यांना गोल्ड ग्लव्ह हा पुरस्कार मिळाला. करार २०३४ पर्यंत आहे.