सोचीला न गेलेली विजेती

[दृश्य: बर्फावर वळणारं स्केटचं पातं, अगदी जवळून]

हे पातं जेमतेम चार मिलिमीटर जाडीचं. त्यालाही मधोमध खाच, म्हणून धारा दोन. हवेत तीन गिरक्या घेऊन खाली यायचं ते एकाच पायावर, बाहेरच्या धारेवर आणि पाठमोरं. त्या क्षणी घोट्यावर आणि टाचेवर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. फिनलंडची फिगर स्केटर कीरा कोर्पी हिची कारकीर्द या टाचेपाशीच अडली.

[दृश्य: ताम्पेरे शहर, हिवाळा]

कीराचा जन्म १९८८चा, फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरातला. दोन सरोवरांच्या मधोमध वसलेलं, कापडगिरण्यांवर वाढलेलं हे शहर आइस हॉकीवर जीव टाकतं. कीराच्या घरातही हॉकीच. वडील राउनो कोर्पी प्रशिक्षक. १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्या महिला संघाने कांस्यपदक मिळवलं, ते त्यांच्या मार्गदर्शनाखाली. मुलीने मात्र फिगर स्केटिंग निवडलं.

सतराव्या वर्षी ट्युरिनचं ऑलिंपिक. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, वॉर्साला युरोपियन स्पर्धेत कांस्य. पण तेव्हा फिनलंडमध्ये तिच्या तोडीच्या आणखी दोघी होत्या. २००९ ची युरोपियन स्पर्धा हेलसिंकीत झाली. घरच्या प्रेक्षकांसमोर लाउरा लेपिस्तोने सुवर्ण जिंकलं, सुसान्ना पोयकियोने कांस्य. कीराच्या हाती काहीच लागलं नाही. एवढ्यावर खचून जाणाऱ्या कितीतरी जणी असतात. ती टिकली. २०११ मध्ये बर्नला कांस्य, २०१२ मध्ये शेफिल्डला इटलीच्या कॅरोलिना कोस्टनरच्या पाठोपाठ रौप्य.

[दृश्य: मॉस्को, नोव्हेंबर २०१२. विजयमंच]

या चित्रापाशी जरा थांबू या. मधोमध इथल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण जिंकलेली कीरा, वय चोवीस. एका बाजूला अमेरिकेची ग्रेसी गोल्ड, वय सतरा. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचीच ॲग्नेस झावाड्झ्की, वय अठरा.

सव्वा वर्षाने, २०१४ च्या फेब्रुवारीत, सोचीचं ऑलिंपिक झालं. रशियाच्या पंधरा वर्षांच्या युलिया लिपनित्स्कायाने सांघिक सुवर्ण मिळवलं, गोल्डने सांघिक कांस्य. मॉस्कोत गोल्डला मागे टाकणारी कीरा सोचीत नव्हती. टाचेमागच्या शिरेच्या दुखापतीने तिचा तो अख्खा हंगाम गिळला होता.

[शांतता. फक्त पात्याचा आवाज]

ती परतली, पण ऑगस्ट २०१५ मध्ये थांबली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

नंतर मात्र तिला वाचा फुटली, असंच म्हणावं लागेल. मुलींच्या शरीरावरून होणारे शेरे, प्रशिक्षणाच्या नावाखाली होणारा छळ, यांवर ती जाहीरपणे बोलू लागली. मला तिच्या पदकांपेक्षा हे धाडस मोठं वाटतं. सोचीत सुवर्ण मिळवणारी लिपनित्स्काया २०१७ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, ॲनोरेक्सियावरच्या, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणंच टाळायला लावणाऱ्या आजारावरच्या, उपचारांनंतर निवृत्त झाली.

[दृश्य: पुन्हा तोच विजयमंच]

२०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटासाठीचं किमान वय टप्प्याटप्प्याने पंधरावरून सतरावर न्यायचं ठरवलं. हे वय हंगाम सुरू होण्याआधी, १ जुलैपूर्वी पूर्ण झालेलं असावं लागतं. गोल्डचा जन्म ऑगस्टमधला. हा नियम तेव्हा असता, तर १ जुलैला सोळाचीच असलेली गोल्ड मॉस्कोत स्केटिंग करू शकली नसती.