सैल पोते आणि पाव सेकंद

(लातूरमधील एका बॅडमिंटन हॉलमध्ये हौशी पिकलबॉल खेळाडूंसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)

मित्रहो, आपण ज्या हॉलमध्ये बसलो आहोत त्याची जमीन मूळची बॅडमिंटनसाठी आखलेली आहे आणि पिकलबॉलच्या, म्हणजे भोकांचा प्लास्टिकचा चेंडू आखूड फळीसारख्या पॅडलने नेटपलीकडे मारण्याच्या खेळाच्या, रेषा तिच्यावर आपणच रंगीत पट्ट्या चिकटवून काढल्या आहेत. बाहेरच्या रेषा मात्र नव्याने काढाव्या लागल्या नाहीत, कारण दोन्ही खेळांचे मैदान 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद असते. हा योगायोग नाही. 1965 साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल या दोघांनी कंटाळलेल्या घरच्या मंडळींसाठी हा खेळ मांडला, तेव्हा त्यांच्या हाताशी एक जुने बॅडमिंटन कोर्टच होते. आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवासही त्याच वाटेने झाला आहे. मीही आयुष्यभर शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले, संध्याकाळी बॅडमिंटन खेळलो आणि पन्नाशी उलटल्यावर, गुडघ्यांनी नोटीस दिल्यावर, हातात पॅडल घेतले. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते मुख्यतः बॅडमिंटनने लावलेल्या सवयी सोडवण्याविषयीचे आहे.

विषय एकच आहे. नेटजवळ, किचनच्या, म्हणजे जिथून व्हॉली मारायला मनाई असते त्या नेटलगतच्या पट्ट्याच्या, रेषेवर आपण उभे आहोत, समोरच्याने जोरात व्हॉली मारली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू हाणला, आणि चेंडू आपल्या छातीवर येतो आहे. त्या क्षणी काय करायचे?

मी पहिले सहा महिने काय करत होतो ते आधी सांगतो. माझाच एक जुना विद्यार्थी, जो आता औषधांचे दुकान चालवतो, माझ्यासमोर उभा राहायचा आणि लहानपणी मी दिलेल्या उठाबशांचा हिशेब चुकता केल्यासारखा चेंडू हाणायचा. मी प्रत्येक चेंडूला तितकाच जोरकस जवाब द्यायला जात असे. परिणामी तीनातला एक चेंडू नेटमध्ये जाई, एक मागच्या भिंतीवर आदळे आणि उरलेला माझ्या बरगडीवर बसे. मला वाटायचे की माझे वय झाले आणि हात मंदावला. प्रत्यक्षात माझा हात मंद नव्हता, तो नको तेवढा काम करत होता.

थोडा हिशेब मांडून पाहू. नेटच्या प्रत्येक बाजूला सात फुटांचे किचन असते, म्हणजे दोन्ही रेषांमधले अंतर 14 फूट. दोघे खेळाडू रेषेच्या किंचित मागे उभे राहतात असे धरले तर चेंडूला साधारण 15 फूट, म्हणजे साडेचार मीटर अंतर कापायचे असते. ताशी 60 किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू हे अंतर सुमारे पाव सेकंदात कापतो. चेंडूला भोके असल्यामुळे हवा त्याला थोडी अडवते, म्हणून क्षणभर अधिक मिळतो असे म्हणू. आता नुसता दिवा लागलेला पाहून बटण दाबायलाही निरोगी माणसाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि इथे तर चेंडू उजवीकडे आहे की डावीकडे हेही ठरवायचे असते. अशा स्थितीत पॅडल मागे नेऊन पुढे आणायला वेळ कुठून आणणार? जो खेळाडू पॅडल मागे नेतो, त्याच्या पॅडलला चेंडू भेटतो तो परतीच्या वाटेवर, खांद्याशेजारी किंवा कमरेमागे, आणि तिथून कोणालाही काही करता येत नाही.

बॅडमिंटनमध्ये आपण याच अंतरावरून स्मॅश परतवले आहेत, मग इथे का जमू नये, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. शटलला पिसे असतात आणि ती वेग झपाट्याने खातात, शिवाय रॅकेट हलकी आणि लांब असल्यामुळे मनगटाच्या एका झटक्यात तिचे टोक फिरते. पिकलबॉलचे पॅडल आखूड आणि त्या मानाने जड असते, त्याला तारा नसतात, आणि मनगटाचा झटका दिला की त्याचा चेहरा, म्हणजे चेंडू लागणारी सपाट बाजू, नेमका चेंडू लागण्याच्या क्षणी फिरतो. म्हणून बॅडमिंटनवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे की ब्लॉक करताना, म्हणजे आलेला चेंडू न हाणता नुसता अडवून परत पाठवताना, मनगट विसरावे. खांदा आणि कोपर मिळून पॅडल चेंडूसमोर नेऊन ठेवतील, एवढे पुरे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या भागात केसर आंब्याची झाडे पुष्कळ आहेत आणि तुमच्यापैकी अनेकांनी आंबे उतरवले असतील. वर चढलेला माणूस आंबा सोडतो आणि खाली दोघे जण पोत्याची चार टोके धरून उभे असतात. नवशिक्यांनी पोते ताणून धरले की आंबा त्यावरून उसळून बांधाशी जाऊन पडतो. जाणती माणसे पोते सैल धरतात. आंबा त्यात पडतो, पोते जरा खाली जाते आणि आंबा जागेवर राहतो. बांधकामावर खालून भिरकावलेली वीट वर झेलणारा मजूरही हेच करतो. विटेच्या दिशेनेच तो हात थोडा मागे नेतो, नाहीतर दिवसाअखेरीस त्याची बोटे शिल्लक राहणार नाहीत. ब्लॉक म्हणजे हे सैल पोते आहे. आपल्याला चेंडू मारायचा नाही, त्याचा वेग काढून घ्यायचा आहे.

वेग किती काढून घ्यायचा, हेही साधारण सांगता येते. अधिकृत चेंडूची कसोटी अशी आहे की तो 78 इंचांवरून कठीण ग्रॅनाइटवर सोडला असता 30 ते 34 इंच उसळला पाहिजे. यावरून गणित केले तर अचल, कठीण पृष्ठभागावरून चेंडू आलेल्या वेगाच्या सुमारे 64 टक्के वेगाने परततो असे दिसते. म्हणजे 60 किलोमीटरने आलेला चेंडू आपण नुसता घट्ट धरलेल्या पॅडलवर घेतला, काहीही मारले नाही, तरी तो 35 ते 40 किलोमीटरने परत जाऊ शकतो. गुडघ्याच्या जरा वरून उचललेला चेंडू नेट ओलांडून समोरच्या किचनमध्ये पडायचा असेल तर त्याचा वेग ताशी वीस-बावीस किलोमीटरच्या आसपास हवा. पॅडल म्हणजे ग्रॅनाइट नव्हे, त्यामुळे हे आकडे अगदी काटेकोर धरू नयेत. पण त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. काहीच न करणेसुद्धा इथे जास्त होते. नुसते पॅडल धरून चालत नाही, पकड ढिली करून आणखी वेग सोडावा लागतो, म्हणजे शब्दशः हात आखडता घ्यावा लागतो.

पकड किती ढिली, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. सर्व ताकदीने आवळलेल्या मुठीला दहा गुण दिले तर ब्लॉकची मूठ तीन-चार गुणांची असावी. मी मुलांना सांगतो की हातात चिमणीचे पिल्लू आहे असे समजा. ते उडून जाऊ नये आणि गुदमरूही नये. अडचण अशी की समोरून जोरात चेंडू येताना दिसला की मूठ आपोआप आवळते. ही भीतीची प्रतिक्रिया आहे आणि ती उपदेशाने जात नाही. ती घालवण्यासाठी मी स्वतः महिनाभर अंगठा आणि दोन बोटांतच पॅडल धरून ब्लॉकचा सराव केला. उरलेली दोन बोटे मोकळी असली की आवळायला काही उरतच नाही. पहिल्या दिवशी पॅडल दोनदा हातातून उडाले, त्यातले एकदा थेट पंख्याच्या दिशेने, हे कबूल केले पाहिजे.

पॅडल कुठे धरायचे, याकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात. रॅली संपेपर्यंत ते छातीसमोर, अंगापासून हातभर पुढे आणि टोक वर करून असले पाहिजे. उजव्या हाताने खेळणाऱ्याने ते किंचित डावीकडे, बॅकहँडच्या (पंज्याची पाठ चेंडूकडे करून खेळण्याच्या) बाजूला कललेले ठेवावे. घड्याळाच्या भाषेत टोक दहाच्या आकड्याकडे. याचे कारण असे की बॅकहँडने डाव्या बाजूपासून पोट, छाती आणि उजव्या कमरेपर्यंतचा सगळा पट्टा झाकता येतो, तर फोरहँडने पोटावर आलेला चेंडू घ्यायला गेले की कोपर कोंबडीच्या पंखासारखे बाहेर निघते आणि हात अडकतो. अनुभवी खेळाडू म्हणूनच मुद्दाम उजव्या खांद्याखाली, काखेच्या आसपास मारतात. तिथे चेंडू आला तर थोडे उजवीकडे झुकून, शरीर बाजूला काढून तो बॅकहँडनेच घ्यावा. हे सुरुवातीला विचित्र वाटते, पण पंधरा दिवसांत अंगवळणी पडते.

पायांबद्दल फार बोलत नाही. खो-खोमध्ये चौकोनात बसलेला खेळाडू खो मिळण्याआधीच चवड्यांवर आलेला असतो, तेवढे लक्षात ठेवले तरी पुरे. समोरचा चेंडू मारणार त्या क्षणी आपले वजन टाचांवर नसावे आणि गुडघे वाकलेले असावेत. चेंडू पायांकडे येत असेल तर कंबर वाकवण्याऐवजी गुडघ्यांनी खाली जावे आणि पॅडलचा चेहरा आकाशाकडे जरा अधिक उघडावा. चेंडू वरून खाली येत असतो, त्यामुळे सरळ चेहऱ्यावरून तो नेटमध्येच जाईल. उलट समोरच्याने टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी, दिला असेल तर चेंडू पॅडलवरून वर उसळू पाहतो. तिथे चेहरा किंचित मिटवावा लागतो. ब्लॉक शक्यतो नेटच्या मधल्या भागावरून पाठवावा, कारण कडेला 36 इंच असलेले नेट मध्यभागी 34 इंच असते आणि हे दोन इंच पुष्कळदा गुण वाचवतात. पाय मात्र किचनच्या रेषेला लागू देऊ नका. रेषा हा किचनचाच भाग आहे, आणि व्हॉली घेतल्यानंतर तोल जाऊन पाय आत पडला तरी तो फॉल्ट, म्हणजे रॅली गमावणारी चूक, असतो.

आता मला सर्वात आवडणारा भाग, म्हणजे न खेळायचा चेंडू. समोरचा खेळाडू चेंडू नेटच्या उंचीखालून उचलून जोरात मारत असेल तर तो चेंडू वर चढतच येणार, हे उघड आहे. असा चेंडू आपल्या खांद्याजवळ आला तर बहुधा तो मैदानाबाहेरच पडणार असतो. तो आपण अडवतो आणि समोरच्याची चूक पोटात घालतो. नवख्या खेळाडूंचे किती गुण अशा उदारपणात जातात ते मोजून पाहा. मात्र बाजूला व्हायचे तर पुरते व्हावे. जमिनीवर पडण्यापूर्वी चेंडू तुमच्या अंगाला किंवा कपड्याला लागला तर फॉल्ट तुमचाच, मग तो कितीही बाहेर जाणारा असो आणि तुम्ही कुठेही उभे असा. पॅडल धरलेल्या हाताला मनगटाखाली लागला तर मात्र खेळ चालू राहतो, एवढी सवलत नियमांनी दिली आहे.

जोराचा चेंडू येणार हे आधी कसे कळावे, असा प्रश्न मघाशी एका ताईंनी विचारला. चेंडूकडे पाहून कळत नाही, कारण तोवर उशीर झालेला असतो. समोरच्याचे पॅडल आणि खांदा पाहावा. पॅडल मागे गेले, खांदा वळला की मोठा फटका येणार. पॅडल पुढेच राहिले तर हलका चेंडू. आणि आपणच मागच्या वेळी चेंडू किती उंच दिला होता, तेही आठवावे. कमरेच्या वर बसलेला चेंडू दिला असेल तर फटका येणारच, त्यात आश्चर्य कसले?

सरावाबद्दल शेवटचे सांगतो. दोघांनी रेषेवर समोरासमोर उभे राहावे. पहिल्या आठवड्यात एकाने चेंडू मारू नये, हाताने जरा जोरात छातीच्या दिशेने फेकावा आणि दुसऱ्याने तो किचनमध्ये पाडावा. दहापैकी सात किचनमध्ये पडू लागले की मगच पॅडलने मारायला सुरुवात करावी, आणि तीही अर्ध्या जोराने. आपल्याकडे घाई अशी होते की पहिल्याच दिवशी पूर्ण जोराने हाणामारी सुरू होते आणि मूठ आवळण्याची सवय पक्की होते. एकटे असाल तर भिंत उत्तम. सहा-सात फुटांवर उभे राहून बॅकहँडने चेंडू अडवत राहावे; भिंत कधी थकत नाही आणि जुन्या उठाबशाही काढत नाही. डोळ्यांना चष्मा हवा, साधा नव्हे तर खेळासाठीचा. पंधरा फुटांवरून चेंडू डोळ्याकडे आला तर बाजूला व्हायलाही पुरेसा अवधी नसतो.

पॅडल नवे घ्यायचे असेल तर ज्यांना ब्लॉक जमत नाही त्यांनी 14 मिलिमीटरऐवजी 16 मिलिमीटर जाडीचे घ्यावे. जाड गाभा चेंडू थोडा अधिक शोषतो. बाहेर खेळणाऱ्यांनी हवामानाकडेही पाहावे. परभणीकडच्या डिसेंबरातल्या सकाळी प्लास्टिकचा चेंडू कडक होतो, पॅडलवरून टणकन उडतो आणि कधी तडकतोही. अशा वेळी मूठ आणखी सैल हवी. मेच्या उन्हात तोच चेंडू मऊ पडतो आणि कालपर्यंत किचनमध्ये पडणारा ब्लॉक नेटमध्ये अडकू लागतो. तेव्हा तंत्र बिघडले असे समजून सगळे बदलत बसू नका, सकाळी लवकर या.

मागे टोपलीत चेंडू ठेवले आहेत. जोड्या करून रेषेवर उभे राहा; पहिले दहा चेंडू हातानेच फेकायचे आहेत.